पुठ्ठ्याचं जिंजरब्रेड घर: एकदा पडलेलं, एकदा उभं राहिलेलं

आमच्या घरात मोठं खोकं आलं की पाच वर्षांची लेक गप्प होते. तिचा दोष नाही. तिच्या एवढ्याशा आयुष्यात आम्ही तीन शहरं बदलली. संशोधनातल्या तात्पुरत्या नोकऱ्या किती तात्पुरत्या असतात, हे तुमच्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. तिच्या लेखी खोकं म्हणजे खेळणी दिसेनाशी होणं आणि शेजारची मैत्रीण मागे राहणं.

म्हणून गेल्या डिसेंबरात, आम्ही ह्यूस्टनला असताना, मी ठरवलं की खोक्यांशी तिची दोस्ती करून द्यायची. शाळेत ख्रिसमसच्या आधी जिंजरब्रेडची घरं केली होती आणि तिला ‘आत बसता येईल असं’ हवं होतं. जिंजरब्रेड म्हणजे सुंठ, दालचिनी, लवंग आणि काकवीसारखं मोलॅसिस घातलेलं जाड, तपकिरी बिस्किट. त्याच्या भिंती साखरेच्या आयसिंगने जोडतात आणि वर गोळ्या-चॉकलेटं चिकटवतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहातल्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत चेटकिणीचं घर आहे, ते मात्र ब्रेडचं, केकच्या छपराचं आणि साखरेच्या खिडक्यांचं. आमचं व्हायचं होतं पुठ्ठ्याचं. सामान हलवतानाची, कपडे टांगून न्यायची दोन उंच खोकी गॅरेजमध्ये पडून होती. ती घेतली, रंगवली, छप्पर चढवलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी घर जमिनीवर बसलेलं होतं. एक भिंत बाहेर पडलेली, छप्पर आत. रात्रीची वेळ होती म्हणून बरं, आत कुणी नव्हतं.

लेक रडली नाही. तिने विचारलं, “आता आपण कुठे जायचं?”

मी पॉलिमरवर काम करते. कागद हा सेल्युलोजचा, म्हणजे पॉलिमरचाच. तेव्हा ते घर का पडलं हे मला आधी कळायला हवं होतं. यंदा मॅडिसनला, त्याच दोन खोक्यांचं घर पुन्हा बांधलं. गेल्या वर्षी मी तीन चुका केल्या होत्या. सुट्टीत तुम्ही असं काही करणार असाल तर त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी पुठ्ठा म्हणजे काय ते बघू. खोक्याच्या कापलेल्या कडेकडे नीट बघितलं की दोन सपाट कागद दिसतात आणि त्यांच्या मध्ये लाटांसारखा दुमडलेला तिसरा. गावाकडच्या पन्हळी पत्र्यासारखाच, म्हणून मी त्याला पन्हळी पुठ्ठा म्हणते. या पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली हीली आणि ॲलन यांनी घेतलं, आणि ते खोक्यासाठी नव्हतंच. पुरुषांच्या उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी होतं. अमेरिकेत १८७१ मध्ये आल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्या आणि कंदिलांच्या काचा गुंडाळायला वापरला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याला सपाट कागदाची जोड देऊन मजबूत केलं. डोक्यावरची टोपी ते दाराशी येणारं पार्सल असा हा प्रवास.

मुलांना हे समजवायला एक साधा प्रयोग आहे. दोन पेले थोड्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्यावर एक कोरा कागद. त्यावर तिसरा पेला ठेवायला गेलात की कागद खाली जातो. आता त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला, घड्या एका पेल्याकडून दुसऱ्याकडे जातील असा ठेवा आणि पेला वर ठेवा. तो राहतो. कागद तोच, वजन तेच. बदललं एवढंच की कागदाचा काही भाग वर गेला आणि काही खाली.

वाकताना पट्टीची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागाला फारसं काम नसतं. म्हणून हुशारी अशी की, माल दोन्ही टोकांना ठेवायचा आणि मध्ये जवळजवळ हवा ठेवायची. नेहमीच्या खोक्याचा पुठ्ठा साधारण ४ मिलिमीटर जाड असतो, पण त्यातला सगळा कागद दाबून एकत्र केला तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल. मी कागदावर हिशेब मांडला. तेवढ्याच कागदाच्या भरीव पत्र्यापेक्षा पन्हळी पुठ्ठा वाकायला सुमारे ४० पट कडक निघतो. पोलादी तुळईचा आडवा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो, तोही याच कारणाने.

पण ही हुशारी सगळ्या दिशांना सारखी नाही, आणि माझी पहिली चूक इथली. पन्हळ्या एकाच दिशेने धावतात. पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेऊन दोन्हीकडून वाकवून बघा. एकीकडून तो पन्हळीच्या रेषेवर सहज दुमडतो, दुसरीकडून हट्ट करतो. उभ्या पन्हळ्या म्हणजे ओळीने उभे केलेले बारीक खांब. खोकी एकावर एक रचता यावीत म्हणून कारखान्यात पन्हळ्या उभ्याच ठेवलेल्या असतात. आणि मी काय केलं? घर रुंद हवं म्हणून उंच खोकी आडवी पाडली. सगळे खांब झोपले.

यंदा लेकीबरोबर याची परीक्षा घेतली. एकाच खोक्यातून दोन पट्ट्या कापल्या, एकीत पन्हळ्या उभ्या, दुसरीत आडव्या. दोन्हींच्या वीतभर उंचीच्या चौकोनी नळ्या केल्या, टेपने जोडल्या आणि वर ताट ठेवलं. ताटावर २० पौंडी आट्याच्या दोन आणि तांदळाच्या दोन पिशव्या, एकेक करून. आडव्या पन्हळ्यांची नळी चौथ्या पिशवीला एका बाजूने चिरडली. उभ्या पन्हळ्यांच्या नळीने चारही घेतल्या. मग पिशव्या काढून बाबा त्यावर उभा राहिला. लेकीने टाळ्या वाजवल्या आणि बाबाने खाली उतरायला जरा जास्तच वेळ लावला.

खोक्याच्या खालच्या झडपेवर अमेरिकेत बहुधा एक गोल शिक्का असतो. आमच्या खोक्यांवर त्यात ‘३२ ईसीटी’ लिहिलंय. त्याचा अर्थ, पुठ्ठ्याची कड उभी धरून दाबली तर दर इंच लांबीमागे ती ३२ पौंड, म्हणजे साधारण १४.५ किलो भार घेऊन मग चिरडते. यावरून वाटेल की प्रत्येक बाजू २० इंच असलेलं खोकं, चार भिंती मिळून ८० इंच, २,५६० पौंड पेलेल. तसं होत नाही. भिंतीचा मधला भाग चिरडण्याच्या फार आधी फुगून बाजूला होतो आणि भार कोपऱ्यांकडे सरकतो. कोपरे हे दुमडलेले असतात, त्यांना बाजूला पळता येत नाही. १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी, तिथल्या कागद-रसायन संस्थेत मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. ते आजही खोकी बनवणारे वापरतात. त्या सूत्राने आपल्या खोक्याची ताकद निघते सुमारे ६७० पौंड, म्हणजे नुसत्या गुणाकाराच्या जवळपास पाव.

यातून घर बांधणाऱ्याने घ्यायचं ते हे: दारं-खिडक्या भिंतीच्या मध्ये कापा, कोपऱ्यांपासून चार बोटं तरी लांब. मधला भाग तसाही आळशीच असतो. गेल्या वर्षी मी दार अगदी कोपऱ्याला लावून कापलं होतं, कारण तिथे आधीच घडी होती आणि कापायला सोपं गेलं. म्हणजे जो खांब सगळ्यात जास्त काम करत होता, तोच मी काढून टाकला.

दुसरी चूक दमटपणाची. या चुकीत ह्यूस्टनचाही हात होता, पण गॅरेज मी निवडलं होतं.

कागदात धाग्यांना धागे चिकटतात ते बहुतांशी हायड्रोजन बंधांनी. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी असे गट असतात की ते शेजारच्या रेणूला धरून ठेवतात. अडचण अशी की पाण्याचा रेणूही त्यांना तितकाच आवडतो. हवेत बाष्प वाढलं की पाणी धाग्यांत शिरतं, हात सुटायला लागतात आणि पुठ्ठा मऊ पडतो. म्हणून खोक्यांच्या चाचण्या ठरलेल्या हवेत करतात, २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दाब सोसायची ताकद जवळपास निम्मी होते. ह्यूस्टनच्या डिसेंबरातल्या दमट रात्री आमच्या गॅरेजमध्ये कपडेसुद्धा वाळत नसत.

पण नुसता दमटपणाही मोठा खलनायक नाही. खरा घात चढ-उताराने होतो. पुठ्ठ्यावर भार ठेवून दिला की तो हळूहळू, दिवसागणिक खचत राहतो. १९७०च्या दशकात मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेत असं दिसून आलं की, आर्द्रता सतत कमी-जास्त होत असेल तर भाराखालचा कागद कायम दमट हवेत खचतो त्याहूनही वेगाने खचतो. धागे फुगतात, आकसतात, पुन्हा फुगतात, आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी पकड सुटते. दुपारी कोरडं आणि पहाटे ओलसर होणारं गॅरेज म्हणजे नेमकं हेच. आमचं घर दुपारी सजवताना ठणठणीत होतं आणि पहाटे पडलं, यात गूढ काही नव्हतं. (ती प्रयोगशाळा आमच्या आताच्या घरापासून फार लांब नाही. तिच्यावरून बस जाते तेव्हा मला दरवेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं.)

यंदा घर दिवाणखान्यात, हीटर चालू असलेल्या खोलीत बांधलं. इथल्या हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. पुठ्ठ्याला मात्र ते मानवतं.

पाणी आणखी एका वाटेने येतं, ते म्हणजे रंगातून. ओला धागा रुंदीत चांगलाच फुगतो आणि लांबीत जवळजवळ नाही. एकाच बाजूला पाण्यातला रंग फासला की ती बाजू फुगते, पण मागची कोरडी बाजू तिला पसरू देत नाही. वाळताना ती मूळ मापापेक्षा जास्त आकसते आणि सगळी भिंत रंगवलेल्या बाजूकडे वाकते. उपाय सोपा: दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, किंवा रंगवूच नका. मी दुसरा मार्ग घेतला. पुठ्ठा मुळातच जिंजरब्रेडच्या रंगाचा आहे की! दोघांची तपकिरी वेगळ्या कारणांची. न धुतलेल्या क्राफ्ट कागदात लाकडातलं लिग्निन थोडं उरतं, त्याचा तो रंग. बिस्किटाचा रंग येतो मोलॅसिसमुळे आणि भट्टीत साखर व प्रथिनं यांच्यात होणाऱ्या मैयार अभिक्रियेमुळे. साम्य मात्र एक खरं आहे. पुठ्ठ्याचे तीन कागद बहुधा मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात आणि बिस्किटाला गव्हाच्या स्टार्चने धरलेलं असतं. त्यामुळे खरं जिंजरब्रेड घरही दमट हवेत असंच मऊ होऊन बसतं. मोलॅसिसमधल्या साखरा तर हवेतलं पाणी ओढूनच घेतात.

तिसरी चूक छपराची. उतरत्या छपराच्या दोन फळ्या माथ्यावर एकमेकींना टेकतात आणि खाली भिंतींना बाहेर ढकलतात. ही ढकल किती हे उतारावर ठरतं. ३० अंशांच्या पसरट छपराची बाहेरची ढकल त्याच वजनाच्या ६० अंशांच्या छपरापेक्षा बरोबर तिप्पट असते. १ किलोच्या छपराला पहिल्यात सुमारे ४३० ग्रॅम, दुसऱ्यात १४० च्या आसपास. आकडे लहान वाटतात, पण भिंतीच्या वरच्या कडेला, आडव्या दिशेने, रात्रंदिवस. माझं गेल्या वर्षीचं छप्पर ३० अंशांचं होतं, कारण टीव्हीच्या खोक्याचे तुकडे तेवढेच पुरत होते. वर लेकीने गोळ्या म्हणून बरण्यांची झाकणं चिकटवली होती, मोजून चौतीस.

यंदा छप्पर चांगलं उंच केलं आणि दोन भिंतींच्या वरच्या कडा पुठ्ठ्याच्या दोन आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या. आता छप्पर ढकलतं ते पट्टीला आणि पट्टी ताणली जाते. ताण सोसण्यात कागद पटाईत आहे. जुन्या कौलारू घरात माळ्याशी जी आडवी तुळई दिसते तिचंही एक काम हेच. सांगलीच्या घरात त्या तुळईला आजीचा झोपाळा होता आणि मला वाटायचं की ती झोपाळ्यासाठीच आहे.

बाकी बांधकाम भरभर सांगते. दोन्ही खोकी उभीच ठेवायची, एकमेकांसमोरच्या भिंती कापायच्या पण कोपऱ्याकडे चार बोटांची पट्टी राखायची, आणि त्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. दुमडायच्या रेषेवर आधी चमच्याच्या दांड्याने खाच पाडायची, म्हणजे घडी हवी तिथे पडते. सांधे आतून-बाहेरून रुंद टेपने. स्टेपलर नको, पिना बाहेर येतात. कापायची सुरी मोठ्यांच्याच हातात.

आयसिंगसाठी पांढरा शाळेतला गोंद आणि दाढीचा फेस सारख्या मापाने मिसळा. फेसातल्या बुडबुड्यांभोवती गोंद वाळतो आणि फुगीर पांढरी नक्षी तयार होते. त्यात पाणी असतं, म्हणून कडांपुरतीच वापरा, आणि खायची नाही हे तीनदा सांगा. चार वर्षांखालचं भावंड घरात असेल तर खोट्या गोळ्या मुठीएवढ्या मोठ्या करा. वासासाठी सुंठ, दालचिनी आणि लवंगेची भरड मलमलच्या पुरचुंडीत बांधून माथ्याजवळ टांगली. लेक म्हणाली आजीच्या चहासारखा वास येतो. जिंजरब्रेडमधलं आलं मुळात आपल्याच बाजूचं, तेव्हा तिचं फारसं चुकलं नाही.

दिव्यांबद्दल मात्र हलगर्जी नको. मेणबत्ती तर नाहीच. बॅटरीवरची एलईडी माळ घ्या, तीही बटणासारख्या चपट्या सेलची नाही. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. साध्या पेन्सिल सेलची, स्क्रूने बंद होणाऱ्या डबीची माळ बरी, आणि ती मुलाच्या हाताला लागणार नाही अशी बाहेरून लावायची. दाराला कडी, दोरी, चुंबक काही नको. आतून नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे. अमेरिकेत १९५६ साली कायदा करावा लागला की फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे, कारण टाकून दिलेल्या, कडीच्या फ्रिजमध्ये खेळताना मुलं अडकून दगावत होती. आमच्या दाराखाली आणि छपराच्या माथ्याला हवेसाठी फटी ठेवल्यात, आणि एक खिडकी अशा उंचीवर की सोफ्यावरून मला तिचं डोकं दिसतं.

लहानपणी दिवाळीत आम्ही पोत्यांवर चिखल थापून किल्ला करायचो, अळीव पेरायचो. तो भाऊबीजेनंतर कधीतरी मोडायचाच आणि कुणाला वाईट वाटायचं नाही, कारण घर मागे तसंच उभं असायचं. लेकीच्या बाबतीत मला ती खात्री देता येत नाही. माझं इथलं कंत्राट पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे.

आज जानेवारीचा दुसरा आठवडा. झाड काढलं, माळा उतरवल्या, पुठ्ठ्याचं घर अजून उभं आहे. काल तिने मला आत बोलावलं. माझे गुडघे दाराबाहेर राहिले. तिने खडूने शिक्क्याशेजारी आपलं नाव लिहिलंय, ‘३२’ ला लागून. मग तिने विचारलं की हे घर मोडावंच लागतं का. मी सांगितलं की सगळे सांधे टेपचे आहेत, टेप चिरली की भिंतींची घडी होते. तिने मोजपट्टी आणली. घडी केलेली भिंत ११५ सेंटिमीटर भरली. मग आम्ही जॅकेटं घालून बाहेर गेलो आणि गाडीची डिकी मोजली. सरळ बसत नाही. मागची सीट पाडून तिरकं ठेवलं की बसतं.